पानाची खालची बाजू

१

सकाळी चहाच्या आधी मी बागेत जाते. बाग म्हणजे घरामागची थोडीशी मोकळी जागा, पण तेवढ्यात वांगी, टोमॅटो, भेंडी आणि मांडवावर दोडका असं सगळं बसवलं आहे. पाणी घालायच्या आधी मी पानं उलटी करून बघते. कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मुलांनाही हेच सांगायची, की पानाची वरची बाजू पाहुण्यांसाठी असते, रोग खालच्या बाजूला राहतो.

यंदा पोळा झाला आणि रोग आला. आधी भेंडीवर केवडा. पानांच्या शिरा जाळं विणल्यासारख्या पिवळ्या पडत गेल्या, भेंड्या पांढुरक्या आणि राठ यायला लागल्या. मग टोमॅटोवर करपा, तपकिरी डाग आणि डागांत एकात एक वर्तुळं. दोडक्याच्या पानांवर तर कोणी पिठाचा हात पुसून गेल्यासारखी भुरी. मी निंबोळी अर्क फवारला, आंबट ताक फवारलं, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट कागद टांगले. डागाळलेली पानं खुडून, पिशवीत बांधून कचरागाडीत दिली. दुसऱ्या दिवशी तेवढीच पानं पुन्हा डागाळलेली असायची.

हेही मी सहन केलं असतं. रोग काय, कुणाकडेही येतो. पण मध्ये कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे भावनाची बाग.

भावना आणि तिचा नवरा योगेश मूर्तिजापूरहून अमरावतीला आले, ते आमच्याच शेजारी, कठोरा नाक्याजवळच्या या वसाहतीत. तो वीज कंपनीत. ती घरी असते, दिवसभर मोबाईलवर मालिका बघते आणि हसते. माहेरी शेती असूनही तिला भाजीपाल्यातलं काही कळत नाही, हे ती स्वतःच सांगते. तिला रोपं मी दिली होती. माझ्याच ट्रेमधली. माती एकाच ट्रॉलीतून उतरवलेली. आणि तिच्याकडे एका पानावर डाग नव्हता. वांगी अशी तुकतुकीत की त्यांत आभाळ दिसावं. माझी भेंडी आजाऱ्यासारखी वाकलेली आणि तिची भिंतीवरून इकडे डोकावणारी, आमच्या घरात काय चाललंय ते बघायला आल्यासारखी.

मला हेवा वाटत होता. दुसरा एखादा बरा शब्द मी शोधून पाहिला. सापडला नाही.

त्या दिवशी मी ताक फवारत असताना ती भिंतीशी आली.

"काकू, तुमी काल दुपारी पानं पुसून देल्ली न, मस्त झालं बाप्पा. मले त जमलंच नसतं."

"कुणी पुसून दिली?"

"तुमीच न! अशा काय करता?" ती हसली आणि घरात फोन वाजला म्हणून पळाली.

दुपारी मी झोपते. जेवण झालं की पंख्याखाली तासभर. मला वाटलं, हिने दुसऱ्या कुणाला तरी म्हणायचं ते मला म्हटलं. अशा मुलींचं लक्ष कुठे असतं!

२

पण ते डोक्यातून गेलं नाही. मी एक निमित्त काढून तिच्याकडे गेले. कोथिंबीर आहे का, म्हणून.

"या न काकू. तुमचीच बाग हाये."

मी तिच्या वांग्याचं पान उलटं केलं. खालची बाजू स्वच्छ होती. मावा नाही, कोळी नाही, अळीची एक रेघ नाही. शिरेच्या बेचक्यांत जी धूळ साचते, तीसुद्धा नाही. ओल्या फडक्याने एकेक पान पुसल्याशिवाय असं होत नाही, आणि एवढा धीर माणसाला नसतो. निदान मला तरी नाही. मी दहा पानं पुसली की अकरावं ओरबाडते.

मग मला दोडक्याचा वेल दिसला. तो बांबूला चिंध्यांनी बांधला होता. मी डावखुरी आहे. माझी गाठ उलट्या बाजूला बसते, आणि टोक मी आत खोचते, वेलाला टोचू नये म्हणून. या गाठी तशाच होत्या. आणि चिंध्या निळ्या, बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या. तशी माझी जुनी साडी मागच्या व्हरांड्यात एका पिशवीत होती.

"भावना, ह्या कुठून आणल्यास?"

"म्या काहून आणू? तुमीच आणल्या."

"मी? मी तुझ्याकडे आज येतेय. कितीतरी दिवसांनी."

तिचं हसू अर्धं राहिलं. "काकू, तुमी त रोज येता. मी मालिका पायतो, तुमी झाडांजवळ बसता. चहा देल्ला त घेत नाही. गाणं म्हनता हळूहळू."

मी तिला नको ते बोलले. माझ्या व्हरांड्यातून वस्तू उचलायच्या आणि वर माझंच नाव सांगायचं, हे मूर्तिजापूरला चालत असेल, इथे नाही, असं. ती रडवेली झाली. पण मी फाटकातून बाहेर पडत होते तेव्हा मागून म्हणाली, अगदी साधेपणाने, तक्रार म्हणून नाही, नुसतं लक्षात आलेलं सांगावं तसं:

"सकाळच्या तुमी लय चिडता, काकू. दुपारी किती चांगल्या असता."

घरी येऊन मी पिशवी उघडली. निळी साडी अर्धी फाडलेली होती. मी ती कधी फाडली होती, हे मला आठवेना. आठवत नाही म्हणजे मीच फाडली असणार, विसरले असणार, असं मी ठरवलं. या वयात विसरणं सोपं असतं.

३

कमलाकांत, माझे यजमान, वकील आहेत. आता कामं कमी घेतात. कधी कोर्टातून दुपारीच घरी येतात, कधी संध्याकाळी. आमच्यात भांडण नाही. बोलणंही फारसं नाही. जेवताना ते बातम्या बघतात आणि मी त्यांच्या ताटाकडे.

त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला नाही. चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले.

"आज किती वर्षांनी तुला गुणगुणताना ऐकलं, चारू."

"कुठे?"

"भावनाच्या बागेत. मी दुपारी गाडी लावत होतो. म्हटलं हाक मारावी, मग वाटलं नको, बंद करशील." ते चक्क लाजले. "बरं वाटलं."

मला भीती वाटली नाही, अजून तरी नाही. लग्नाच्या नव्या दिवसांत हा माणूस माझ्याकडे असं बघायचा. मधली सगळी वर्षं मी ती नजर मागितली नव्हती, कारण मागून मिळत नाही असं मला वाटायचं. आणि आज ती मिळाली होती, पण ज्यासाठी मिळाली ते मी केलंच नव्हतं.

"मी झोपले होते," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, लाडाने म्हणतात तसं.

मी स्वतःला समजावलं. झोपेत चालणारी माणसं असतात. झोपेत चालणाऱ्याला कुलूप उघडता येतं, भाजी चिरता येते, हे मी वाचलेलं आहे. तर मी झोपेत उठत असेन, भिंत ओलांडत असेन आणि जे धीराचं काम मला जागेपणी जमत नाही ते झोपेत करत असेन. विज्ञानाच्या शिक्षिकेला एवढं पुरेसं होतं. फक्त एवढंच कळत नव्हतं, की मग तो धीर मी माझ्या बागेत का खर्च करत नाही?

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी पुढच्या आणि मागच्या दाराला आतून कुलूप लावलं. किल्ल्या तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसल्या आणि वरचे तांदूळ हाताने सारखे केले. तळव्याचा ठसा उमटवून ठेवला. मग झोपले.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. कुलपं तशीच. तांदळावर माझ्या तळव्याचा ठसा जसाच्या तसा. मी किल्ली काढली, मागचं दार उघडलं आणि बाहेर आले. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

भावना भिंतीपलीकडे झाडू मारत होती. माझ्याकडे बघून थबकली.

"एवढ्यात कपडे बदलले, काकू? आत्ताच त गेल्या. आज लय वेळ थांबल्या बरं."

४

त्या आठवड्यात मला अकोल्याला जायचं होतं. माझी मुलगी इशिता जठारपेठेत राहते. तिच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मला घर सोडायचं नव्हतं आणि सोडायचं होतंही. सकाळची एसटी धरली. बसमध्ये बसल्यावर मनात आलं, आता तरी बघू. मी इथे, मग तिकडे कोण?

अकोल्यात ऊन मी म्हणत होतं. इशिताने कूलर लावला, जेवायला वाढलं. तिच्या सासूबाई काळा चष्मा लावून पलंगावर पडल्या होत्या आणि मला सारख्या विचारत होत्या, "चारुशीलाबाई, तुम्हीच ना?" डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना धूसर दिसत होतं. मला ते बोलणं आवडलं नाही.

जेवण आटोपल्यावर मी गॅलरीत जाऊन भावनाला फोन लावला. माझ्या झाडांना पाणी घाल, एवढंच सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

"हॅलो, भावना. मी चारुशीला काकू."

ती हसली. "काय मस्करी लावली काकू! मोबाईल कोठी लपवला? तुमी त माह्या वांग्यापाशी बसून राहिल्या."

"भावना, मी अकोल्यात आहे. इशिताकडे."

"काकू..." तिचा आवाज खाली गेला. "तुमच्या हातात त फडकं हाये. मोबाईल नाही."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. फोनमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला, फडकं पिळल्यासारखा. मग कुणीतरी विचारलं, लांबून, शांतपणे:

"कुणाचा गं फोन?"

आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू आला की परका वाटतो. रेकॉर्ड केलेलं ऐकताना तसंच होतं. हा परका वाटला नाही. तो माझाच होता, फक्त त्यातली करकर गेली होती. पंचवीस वर्षं वर्गात ओरडून बसलेला घसा नव्हता तो.

"कोणाचा नाही, काकू," भावना तिला म्हणाली. आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. तिने उचलला नाही. कमलाकांतांना लावला, त्यांचा बंद होता. आत इशिता विचारत होती, आई, चहा टाकू का? मी हो म्हणाले. माझा आवाज फाटका आला.

५

रात्री राहायला इशिताने आग्रह केला, पण मी संध्याकाळच्या गाडीने परत आले. बसमध्ये मला एकच गोष्ट दिसत होती. भावना "काकू" म्हणाली होती. मला आणि तिला एकच हाक, आणि हाक मारून तिने फोन माझा बंद केला होता.

दार कमलाकांतांनी उघडलं. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून त्यांना नवल वाटलं.

"आता कुठे जाऊन आलीस?"

"अकोल्याला. सकाळी सांगून गेले ना."

"हो, पण मग तू जायचं रद्द केलंस म्हणालीस ना? दुपारी जेवायला होतीस की." ते थोडे गोंधळले, मग त्यांनी ते सोडून दिलं. सुखात असलेला माणूस फार खोलात जात नाही. "भाजी अजून आहे बघ. एवढी चांगली भाजी तू कधी केली नव्हतीस, खरं सांगतो."

स्वयंपाकघर आवरलेलं होतं. मी आवरते तसंच, पण कोपऱ्यांपर्यंत. गॅसवर झाकलेल्या पातेल्यात वांग्याची भाजी होती. माझ्या वांग्यांना तर फळच धरलं नव्हतं. मी उभ्यानेच बोटाने चाखली. मसाला माझा होता, आईने शिकवलेला, शेंगदाण्याचं कूट आणि खोबरं तसंच भाजलेलं. चव मला कधीही न साधलेली.

मी ती सगळी भाजी खाल्ली. पातेलं पुसून खाल्लं. रडत होते आणि खात होते, आणि मनात येत होतं, ही त्यांना उद्या मिळू नये.

सकाळी उठून बागेत गेले. एका रात्रीत सगळी पानं गेली होती. भेंडी नुसत्या काड्या. टोमॅटोची पानं काळपट होऊन खोडाला चिकटली होती. मी वाकून एक पान उलटं केलं, सवयीने. खाली काही नव्हतं. ना कीड, ना बुरशी. नुसतं सुकलं होतं, त्याला कुणी हात लावला नसल्यासारखं.

भावना तिच्या कुंड्या ओढत होती. आमच्या भिंतीलगतच्या मिरच्यांच्या कुंड्या ती पार पलीकडे, घराच्या भिंतीशी नेत होती.

"काय करतेस?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "काकूनं सांगतलं. इकडून हटव म्हने."

"कुठल्या काकूने?"

तिने आता बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला माझी कीव येत होती आणि जवळ यायचं नव्हतं.

"तुमी आता इकडे येऊ नका जी," ती म्हणाली. कुंडी उचलून आत गेली आणि नळाखाली हात धुतले. मला दिसेल असे, कोपरापर्यंत.

६

रविवारी मी झोपले नाही.

जेवण झाल्यावर कमलाकांत म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो. भर दुपारी. नवा शर्ट घातला होता. मी विचारलं नाही. मागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. तिथून मध्ये मांडवाचे बांबू येतात, पण पलीकडचं बरंचसं दिसतं.

ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. वसाहतीत कुठे कुकरची शिटी नाही, कुत्रं नाही. भावनाच्या खिडकीतून मालिकेतल्या बायका बोलत होत्या. वाफ्यात कुणी नव्हतं. मी डोळे मिटणार नाही असं ठरवलं होतं आणि मिटले नाहीत, हे मला शपथेवर सांगता येईल. तरी ती कधी आली ते मला दिसलं नाही. आधी वांग्याची पानं हलत होती. मग ती पानं हलवणारा डावा हात होता. मग पाठ.

माझी निळी ठिपक्यांची साडी, न फाटलेली. मानेवर माझा अंबाडा, पण केस दाट. ती उकिडवी बसली होती. एक पान उलटं करायची, फडक्याने पुसायची, तळहातावर क्षणभर धरायची, सोडायची. घाई नव्हती. एकही पान तिने ओरबाडलं नाही. ती गुणगुणत होती, आणि मला सूर ओळखीचा वाटत होता, शब्द येत नव्हते.

कमलाकांत तिच्याशेजारी उभे होते. हातात टोपली. तिने काहीतरी म्हटलं आणि ते हसले, मान मागे टाकून. मला त्यांचे दात दिसले. या माणसाचे हसतानाचे दात मी विसरून गेले होते.

मला वाटलं होतं, तिला बघितलं की मी घाबरेन. मी घाबरले नाही. मला तिचे केस हवे होते. तो धीर हवा होता, ते हात, तो माणूस तिच्यासमोर जसा उभा होता तसा. मी खुर्चीचे हात धरले होते, आणि वाटत होतं की ती एकदा उठून जाईल तर मी तिथे जाऊन बसेन. कुणाला कळणारही नाही.

"अहो," मी हाक मारली.

आवाज फार आला नाही. पण तिचा हात थांबला. तिने पान सोडून दिलं. वळली नाही. मानेचा जेवढा भाग वळला तेवढ्यात मला गालाची एक कड दिसली आणि मी ताबडतोब खाली फरशीकडे बघितलं. का, ते मला सांगता येत नाही. फक्त एवढं कळलं, की पूर्ण बघितलं तर त्यानंतर माझ्यासाठी काही उरणार नाही.

"काय गं?" कमलाकांतांनी तिला विचारलं.

"पलीकडे अजून एक राहिलंय," माझा आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. वर्गात मी ज्या समजावणीच्या सुरात बोलायला हवं होतं, तो सूर होता. "डोळ्यांनी दिसतंय ना, वाचणार नाही ते. ठेवलं तर इकडे पसरेल."

मी वर पाहिलं. ते भिंतीवरून माझ्याकडे बघत होते. डोळ्यांवर हात आडवा धरून, ऊन लागतंय म्हणून. त्या नजरेत ओळख नव्हती, आणि ओळख नाही याचं आश्चर्यही नव्हतं.

"कुठून धरू?" त्यांनी विचारलं.

"बुडाशी. मुळासकट यायला हवं, नाहीतर पुन्हा फुटतं."

ती उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला अलगद परत बसवलं. बाह्या वर केल्या.

"तू बस सावलीत," कमलाकांत म्हणाले. "ऊन किती आहे. मी काढतो."

सगळ्या आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. ते भिंतीवर पाय टाकून इकडे येत होते, आणि मी अजून त्याच वाक्याचा हेवा करत होते.